पुसता न येणारा फळा

पंपहाउसच्या भिंतीवरचा काळा फळा सगळीकडे सारखा झिजलेला नव्हता. डावा रकाना दिवसाच्या बाऱ्यांचा, उजवा रात्रीच्या. डाव्या रकान्यातल्या तिसऱ्या, पाचव्या आणि आठव्या ओळीवरचा रंग तळहाताने पुसून पुसून उडाला होता आणि खालचं सिमेंट दिसत होतं, कडेला गुळगुळीत, मधे किंचित खोलगट. उजव्या रकान्यात दिवाळीआधीचा खडू जसाच्या तसा होता. एका नावावर कोळ्याने जाळं धरलं होतं.

कॉलेजातून परतताना हेमांगी स्कूटीचा वेग कमी करून हे पाहत असे. शहाद्याच्या एका कॉलेजात ती माती-पाणी तपासणीची प्रयोगशाळा सांभाळायची. वस्तू कुठे झिजली आहे यावरून हात कुठे चालतो हे ओळखायला एम.एस्सी. लागत नाही, हे तिलाही माहीत होतं. गावातल्या एकशे चाळीस सभासदांनाही ते माहीत होतं. फळा काही लपवत नव्हता, बिचारा.

गाव तापीच्या काठावर, सारंगखेड्याच्या खालच्या अंगाला. गावाची उपसा सिंचन संस्था नदीतून पाणी उचलून शेतांना द्यायची. कोणाला कोणत्या दिवशी किती वाजता पाणी, ती त्याची बारी. शेतीची लाईट रोज काही तास दिवसा आणि काही तास रात्री यायची, म्हणून नियम असा की ज्याची एक बारी दिवसा, त्याची पुढची रात्री. नियम चांगला होता. चेअरमन सुकलालआबांनी तो कार्यालयात काचेच्या चौकटीत लावून घेतला होता. चौकटीबाहेर मात्र फळा होता, आणि फळ्यापाशी आबांचा हात. दिवसाच्या रकान्यातून ज्याचं नाव पुसलं जाई, त्याचं नाव रात्रीच्या रकान्यात लिहायची तसदीही कोणी घेत नसे. त्याला तोंडी निरोप जाई. मग तो माणूस बॅटरी घेऊन, उसातल्या बिबट्याचा कानोसा घेत, रात्री पाणी भरायला जाई.

आबा हेमांगीचे चुलत सासरे. चार वर्षांपूर्वी संचालक मंडळात बाईची राखीव जागा भरायची वेळ आली तेव्हा त्यांनी तिचं नाव सुचवलं. दुसरी राखीव जागा धनुबाईंची. महिला संचालकांनी सभेला यायचं नाही असं कोठेही लिहिलेलं नव्हतं. लिहायची कधी गरजच पडली नव्हती. सभा झाली की संस्थेचा शिपाई रेवजी ठरावाचं आणि बाऱ्यांचं रजिस्टर खताच्या पिशवीत गुंडाळून घरोघर न्यायचा. धनुबाईंच्या ओट्यावर शाईचं पॅड उघडून अंगठा घ्यायचा आणि मग हेमांगीच्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी येऊन पेनाचं टोपण काढून उभा राहायचा.

"ताई, कार्यालयमा तुमनी खुर्ची शे, बरं का," एकदा तो आपणहून म्हणाला होता. "पन तिच्यावर इन्व्हर्टरनी बॅटरी ठेवेल शे."

रजिस्टरच्या प्रत्येक पानाखाली छापलेलं असे: 'यादी पाहिली, नियमाप्रमाणे आहे.' त्याखाली हेमांगी सही करायची. प्रयोगशाळेत सामूचा, म्हणजे पीएचचा, आकडा दशांशाने चुकला तरी नमुना पुन्हा लावणारी बाई उंबऱ्यावर पीठ लागलेल्या हाताने खोट्या कागदावर सही करत होती, आणि हे करताना तिचं अक्षर सुंदर येत असे. नकाराचं एक वाक्य तिच्याजवळ चार वर्षं तयार होतं. सहा शब्दांचं. दर महिन्याला ती ते मनात एकदा म्हणून पाही, रेवजीला चहा देई आणि सही करी. आबांबद्दल तिला जो तिटकारा वाटायचा त्यातला निम्मा वाटा तिचा स्वतःचाच होता. फरक एवढाच की आबांना आपण काय करतो आहोत ते निदान आवडत होतं.

नवरा हेमराज म्हणायचा, "सही तर शे. त्यात काय तुन्ही किडनी मांगी ऱ्हायनात का?"

हेमराजची सहा एकर केळी होती. त्या केळीची बारी रात्री सहसा येत नसे.

डिसेंबरात सारंगखेड्याची यात्रा भरली. आबा घोडा घ्यायला गेले आणि घोड्याऐवजी एक कल्पना घेऊन परत आले. वरच्या अंगाच्या एका गावच्या चेअरमनने त्यांना घोडेबाजारातच आपल्या संस्थेचं ॲप दाखवलं होतं. आबांना त्यातलं काही कळलं नाही. पण दुसऱ्याजवळ आहे आणि आपल्याजवळ नाही, इतकं कळलं, आणि आबांच्या सगळ्या विकासकामांचा उगम तिथेच होता.

काम पुतण्याकडे गेलं. कुंदन सुरतेला सहा महिन्यांचा कोर्स करून आला होता आणि गावात कोणाचाही प्रिंटर बंद पडला तर तो बंदच आहे असं छातीठोक सांगू शकत होता. महिनाभर त्याने काम केलं. सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झाल्यावर आबांच्या ओट्यावर ॲपचं उद्घाटन झालं. बाया दाराशी उभ्या होत्या, त्यांत हेमांगीही. उघडल्याबरोबर पडद्यावर आबांचा फेटा बांधलेला फोटो आला, त्याच्यामागून पांढरा घोडा धावत गेला आणि सनई वाजली. सनई बंद करायची सोय नव्हती. मग एक चौकट आली: मोबाइलवर आलेला ओटीपी टाका.

सभासदांनी आपापले फोन काढले. कोणाच्याच फोनवर काही आलं नाही.

आबांचा फोन मात्र वाजला. पुन्हा वाजला. मग तो गुणगुणतच राहिला.

झालं होतं असं. संस्थेत गेली वीस वर्षं कोणताही फॉर्म भरताना सभासदाच्या नावापुढे मोबाइल नंबर आबांचा लिहायची रीत होती. लाईटचा निरोप, वरच्या कार्यालयाचा निरोप, सगळं आबांकडे यावं आणि आबांकडून गावात जावं. कुंदनने सभासदांचं रजिस्टर समोर ठेवून मन लावून टाइप केलं होतं. एकशे चाळीस माणसं, नंबर एक. टाइप करताना तो त्याला ओळखीचा वाटला नाही का, असं कोणी विचारलं असतं तर त्याने पाठ झाला होता असंच सांगितलं असतं.

"थांबा रे, एकेक जन सांगा," आबा म्हणाले. "मन्हा फोन शे का पोस्ट ऑफिस? हाई चार आठ दोन एक कोनं शे?"

"मन्हं व्हई," सभासदांतला करमसिंग म्हणाला.

"नही, ते मन्हं," मागून कोणीतरी म्हणालं. "मी तुन्हा आगोदर दाबेल शे."

"आबा, आधी नाव सांगा मंग आकडा."

"नाव येत नही त्यामा. नुसता आकडा येस."

आबा हरणारे नव्हते. त्यांनी क्षणभर विचार केला आणि वीस वर्षांच्या अनुभवातून मार्ग काढला. "रेवजी, पंपहाउसवर जाय आनि बठ्ठा आकडा फळावर लिखी टाक. ज्याना त्यानी देखी ल्या."

रेवजीने खडू घेतला. कुंदन आकडे वाचत होता, रेवजी लिहीत होता, आणि शेतकरी फळ्याखाली दाटीवाटीने उभे राहून चष्मे पुसत होते. प्रत्येक आकडा पाच मिनिटांनी मरत होता. तो मेला की लोक पुन्हा बटण दाबत, नवा आकडा आबांच्या फोनवर येई आणि रेवजी जुना पुसून नवा लिही. अकरा वाजता आबांचा फोन तापून बंद पडला. ज्या फळ्याला रजा द्यायला हा सगळा थाट मांडला होता, त्याच फळ्यावर दुपारपर्यंत एकही मोकळी जागा उरली नाही. ॲपच्या आत एकही माणूस गेला नव्हता.

हेमांगी हसली नाही. हसायला समोरच्याबद्दल थोडी आपुलकी लागते.

त्या आठवड्यात हेमराजने विषय काढला. "आबा म्हनतस, तू करी दे. तुन्ही लॅबमा असंच काहीतरी करेल शे ना?"

केलं होतं खरं. शेतकऱ्यांनी मातीच्या अहवालासाठी सारखे फोन करू नयेत म्हणून तिने एक साधं पान बनवलं होतं. नमुना क्रमांक टाकला की निकाल दिसे. बाऱ्यांचं पान त्याहून वेगळं नव्हतं. दोन रविवार पुरले. दूरच्या कोणाच्या तरी मोठ्या कॉम्प्युटरवर एक कोपरा घ्यायचा, त्यात एक तक्ता मांडायचा: तारीख, वेळ, नाव. त्या तक्त्यातलं दाखवणारं पान बनवायचं. शेवटी नियम लिहायचे, कोणी वाचावं आणि कोणी लिहावं. वाचण्यासाठी तिने ओटीपी ठेवलाच नाही. ज्या फळ्याला भिंतीवर कुलूप नव्हतं, त्याला फोनवर कशाला? लिहिण्यासाठी मात्र ठेवला, आणि एक नियम घातला: जुनी ओळ खोडली जाणार नाही. बदल केला की नवी ओळ तयार होईल, आणि पानाच्या खाली दिसेल की कोणाच्या नंबरवरून, कधी, काय बदललं.

पान नीट चालतं का हे पाहायला खरी माहिती हवी, म्हणून तिने चार वर्षांची रजिस्टरं मागवून घेतली. त्यांत मुद्दाम कोणी खोटं लिहिलेलं नव्हतं. शेवटी कोणी कधी पाणी घेतलं ते रेवजीने इमानेइतबारे उतरवलं होतं. ते वाचायचे कष्ट कोणी घेत नाही यावर सगळा कारभार चालला होता. तिने ते टाइप केलं आणि कॉम्प्युटरला विचारलं: रात्रीच्या बाऱ्या, नावाप्रमाणे. सगळ्यात वर जसोदाबाई आल्या, कालव्याच्या शेपटीला तीन एकर असलेली विधवा बाई. ब्याण्णव बाऱ्यांपैकी रात्रीच्या एकोणऐंशी. खाली, अगदी खाली, संचालकांची आणि त्यांच्या घरच्यांची नावं. सुकलाल, शून्य. हेमराज, दोन. त्या दोन बाऱ्याही तिला आठवत होत्या. त्या महिन्यात ती माहेरी गेली होती आणि रजिस्टरवर सही व्हायला उशीर झाला होता.

तिच्या सहीचा दर ठरलेला होता, फक्त तो तिला कोणी सांगितला नव्हता.

पान दाखवायला ती आबांच्या ओट्यावर गेली तेव्हा आबा पलंगावर बसले होते. कुंदन बाजूला उभा राहून घोडा कुठे गेला ते शोधत होता.

"फोटो नही?" आबांनी विचारलं.

"नाही, आबा. यादी आहे."

"आनि हाई बठ्ठं ठेवेल कोठे शे?"

"क्लाउडवर. म्हणजे दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर. मुंबईला."

"म्हंजे आपली बारी मुंबईवाला देखतीन?"

"बघितली तरी त्यांना आपल्या उसाला पाणी द्यायचं नाही."

आबांना हे पटलं. हेमांगीने पान खाली सरकवून बदलांची जागा दाखवली. "तुमच्या नंबरवरून बदल करता येईल. पण जुनं पुसलं जाणार नाही. कोणी काय बदललं ते इथे सगळ्यांना दिसत राहील."

"बेटा, भितवरना फळा पुसता येस," आबा तिला समजावू लागले, जसं लहान मुलाला समजावतात. "मंग इतला मोठा कॉम्प्युटरवर काब्र पुसता येत नही?"

"येतं. मी ठेवलेलं नाही."

"ते देखसूत नंतर," आबा म्हणाले आणि फोन कुंदनकडे दिला. त्यांनी पुढचं ऐकलं नाही. न वाचता सही करणारी माणसं न ऐकता होही म्हणतात, आणि आबांना तर आयुष्यभर दुसऱ्यांकडून तशाच सह्या घेण्याची सवय होती.

पान सुरू झालं. पहिल्या चार दिवसांत तक्त्यात अकरा बदल झाले. अकराही आबांच्या नंबरवरून.

पाचव्या दिवशी, शनिवारी सकाळी, जसोदाबाई हेमांगीच्या दारात आल्या. लुगड्याचा काठ चिखलाने ओला होता. हातात नातीचा फोन होता, काचेला तडा गेलेला.

"बाय, माले मोठं अक्षर वाचता येस. हाई खालनं बारीक शे. वाची दे."

हेमांगीने फोन घेतला. काय वाचायचं आहे ते तिने आधीच पाहिलं होतं.

"शुक्रवार, सकाळी आठ," ती वाचू लागली. "जसोदाबाई." इथे ती थांबली.

"वाच ना. पुढे काय शे?"

"बदल. शुक्रवार, सकाळी आठ, हेमराज. जसोदाबाई, शुक्रवार, रात्री अकरा. बदल करणारे, सुकलाल. बुधवारी, पहाटे पाच चाळीस."

जसोदाबाईंनी फोन परत घेतला आणि पदराने काच पुसली. त्या रात्री अकराला गेल्या होत्या, हे चिखल सांगत होता. काल सकाळी आठ वाजता हेमराज केळीत पाणी सोडायला गेला, तेव्हा हेमांगीने त्याला डबा भरून दिला होता.

"बरं," जसोदाबाई म्हणाल्या. "तुमनी केळी लाडकी शे. तिले रातले भीती वाटत व्हई."

"जसोदाकाकू, बसा. चहा टाकते."

"नको. फळावर कधी लिखेल नव्हतं, कोन पुसस ते. तू ते लिखं, हाई चांगलं करं." त्या पायरी उतरल्या आणि मान न वळवता म्हणाल्या, "रजिस्टरवर बी तूच लिखस ना? बरोबर शे म्हनीसन?"

त्या दिवशी दिवसभर गावात लोक फोन खाली सरकवून सरकवून वाचत होते. पारावर करमसिंगने अकराही बदल मोठ्याने वाचून दाखवले, आणि प्रत्येक नावानंतर थांबून सनईचा आवाज काढला.

रविवारी दुपारी आबा स्वतः आले. रजिस्टर खताच्या पिशवीत न येता आबांच्या काखेत आलं, यावरूनच प्रकरण किती वर गेलं आहे ते कळत होतं. मागे कुंदन आणि रेवजी. हेमराजने घाईने खुर्ची दिली. सासऱ्यांसमोर खुर्चीवर न बसायची रीत हेमांगीने आजवर पाळली होती. आजही ती उंबऱ्यात उभी राहिली.

"उद्या सभा शे," आबा म्हणाले. "मंगळवारले वरना साहेब येनार शे, ॲप देखाले. ते खालनं बठ्ठं काढी टाक. आनि रजिस्टरवर सही करी दे, का बारी नियमप्रमाने शे."

"काढता येणार नाही, आबा."

"तू म्हनी ना, येस पन ठेवेल नही. मंग ठेव आते."

"हो. माझं म्हणणं तेच आहे."

आबा हेमराजकडे पाहून हसले, घरातल्या बाईची गंमत वाटल्यासारखे. "हेमराज, तुन्ही बायकोले समजाड. शुक्रवारनी बारी मी कोनसाठे बदली? तुन्हाच केळीसाठे ना? घरना मानूसनं भलं करं, तर घरमाच आग लागनी."

"मी नव्हती मांगेल," हेमराज पुटपुटला.

"मांगेल नव्हती, पन लिधी ना?"

हेमराज पायाच्या अंगठ्याने फरशी खरवडू लागला. मग हळू आवाजात, तिला ऐकू येईल इतपतच, म्हणाला, "हेमांगी, करी टाक सही. बाग निसवनीवर शे. दोन बाऱ्या चुकन्यात तर घड पोसावनार नही."

खरं होतं ते, बागेत घड बाहेर पडत होते. केळीच्या झाडाला यातलं काही माहीत नव्हतं. त्याला फक्त पाणी हवं होतं, आणि ती नाही म्हणाली तर पहिली शिक्षा त्यालाच होणार होती. हेमांगीने हे रात्रीच मांडून पाहिलं होतं, नमुन्याचं वजन करावं तसं. जसोदाबाईंच्या तीन एकरांत गहू होता. त्यालाही पाणीच हवं होतं.

कुंदन पुढे झाला. "वहिनी, मी एक आयडिया सांगू? आपन त्या खालना भागवर आबासना फोटो लावी देऊ. मोठा."

रेवजीने सवयीने रजिस्टर उघडून उंबऱ्याशी धरलं, पेनाचं टोपण काढलं आणि पेन तिच्यापुढे केलं. पानाखाली छापील वाक्य होतं. त्याच्या वर, रेवजीच्याच अक्षरात, शुक्रवार सकाळ, हेमराज.

हेमांगीने पेन हातात घेतलं. आबांनी समाधानाने खुर्चीत पाठ टेकली आणि चहा येतो का ते पाहायला आत नजर टाकली. त्या नजरेत राग नव्हता, शंकासुद्धा नव्हती. फळ्याच्या तिसऱ्या ओळीकडे ते असंच पाहत असतील.

तिने टोपण रेवजीच्या हातातून घेतलं, पेनाला लावलं आणि पेन त्याच्या खिशात ठेवून दिलं. मग उंबऱ्यातून बाहेर आली आणि भिंतीशी असलेली दुसरी खुर्ची ओढून आबांच्या समोर बसली.

"आबा," ती म्हणाली, "या यादीवर मी सही करणार नाही. पुढच्या शुक्रवारी सकाळी आठला जसोदाकाकू पाणी भरतील, आणि आमची बारी रात्री अकराला राहील. उद्याच्या सभेला मी येते आहे. माझ्या खुर्चीवरची बॅटरी तेवढी उतरवून ठेवा."